द्यूत, अनुद्यूत आणि काळाचा खंजीर

एकदा घडलेले कर्म नाहीसे करता येते काय, या प्रश्नाने आपल्या धर्मशास्त्रकारांना जितके छळले तितके दुसऱ्या कोणत्या प्रश्नाने क्वचितच छळले असेल. वेदान्त्यांनी संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग पाडून आपल्यापुरती व्यवस्था लावली. ज्ञानाने संचित जळते, परंतु प्रारब्ध भोगूनच सरते. धनुष्यातून सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जातच राहतो, असा दृष्टान्त आचार्यांनी दिला. स्मृतिकारांनी त्याच प्रश्नाला व्यवहाराच्या बाजूने हात घातला आणि प्रायश्चित्तांचा प्रचंड संभार उभा केला. या दोहोंच्या मध्ये एक अवघड जागा राहून गेली आहे. कर्म भोगूनच संपणार असेल तर प्रायश्चित्त कशाला? आणि प्रायश्चित्ताने ते संपत असेल तर बाण सुटला या म्हणण्याला अर्थ काय? सभामंडपात बसून संकल्प सोडणाऱ्या आपल्यासारख्या गृहस्थांना ही अडचण सहसा जाणवत नाही, कारण ती जाणवू नये अशी सोय आपण फार पूर्वीच करून ठेवली आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे नव्याने आला तो मोठ्या विलक्षण वाटेने. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर म्हणून गाव आहे. एके काळचे हे शेतीचे गाव आता कारखान्यांच्या आणि वाढत्या शहराच्या कवेत आले आहे. हजिऱ्याच्या उद्योगांत नोकरीस असलेली आपल्याकडील काही कुटुंबे या बाजूला राहतात. अशा एका घरी मी चार दिवस राहिलो असता त्या घरच्या तरुण अभियंत्याने मला दोन व्हिडिओ गेम दाखवले. माझी बोटे त्या कामी चालत नाहीत; म्हणून तो खेळे आणि मी पाही. दोन्ही खेळ एकाच राजपुत्राचे, एकाच कथेचा पूर्वभाग आणि उत्तरभाग. 'काका, पहिला खेळ अधिक चांगला आहे, दुसरा अधिक कठीण आहे. पण खरे बोलतो तो दुसरा,' असे तो म्हणाला. हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. अनेक दिवस विचार केल्यावर मला वाटते की तो अर्धा बरोबर होता. आणि उरलेला अर्धा भाग आपल्या देवळांत येणाऱ्या माणसांच्या फार कामाचा आहे.

या पृष्ठांवर व्हिडिओ गेमची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्याच पूर्वजांनी मोक्षपट खेळला होता हे त्याने आठवावे. परंपरा ज्याच्याशी ज्ञानदेवांचे नाव जोडते, आणि जो पुढे विलायतेला जाऊन शिड्या-सापांचा खेळ होऊन परत आला, त्या पटावर पापपुण्याचे शिक्षण कवड्यांच्या दानाने होत असे. त्या पटाचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. सापाच्या तोंडी गेलेली सोंगटी खाली घसरते, परंतु खेळ मागे जात नाही. पडलेले दान पडलेलेच राहते.

आता ज्या खेळांविषयी बोलायचे त्यांत खेळ मागे नेता येतो, आणि तेथेच सारी गंमत आहे.

पहिल्याचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'. युबिसॉफ्ट या कंपनीच्या माँट्रियल येथील शाखेने तो २००३ साली प्रसिद्ध केला. इराणी राजपुत्राची ही कल्पना मूळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाची. त्याने १९८९ साली जवळजवळ एकट्याने रचलेला पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आपल्याकडील पुष्कळ कचेऱ्यांतील संगणकांवर नव्वदीच्या दशकात साहेब उठून गेल्यावर चालत असे. २००३ च्या खेळाचे कथानकही मेकनरनेच लिहिले. कथा अशी. राजा शहरमान आपल्या पुत्रासह एका हिंदुस्थानी महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून जातो. महाराजाचा वजीर फितूर होऊन दरवाजे उघडतो. राजपुत्र बापाला शौर्य दाखवावे या हौसेने तिजोरीतला एक खंजीर पळवतो. तो काळाचा खंजीर आहे. त्याच्या मुठीत भरलेल्या वाळूच्या जोरावर काही क्षण मागे जाता येते. लुटीत वाळूचे एक अजस्र घड्याळही येते. पुढे आझाद नावाच्या नगरीत वजिराच्या चिथावणीने राजपुत्र त्या घड्याळात खंजीर खुपसतो, काळाची वाळू मोकळी सुटते आणि सारे नगर, त्याच्या बापासकट, वाळूचे राक्षस होऊन जाते. शुद्धीवर राहतात तिघे: राजपुत्र, वजीर आणि कैद करून आणलेली महाराजाची कन्या फराह.

येथून पुढचा सारा खेळ म्हणजे एका उतावळ्या कृत्याची निस्तरणी. भिंतींवरून धावत, खांबांना लोंबकळत, सुळ्यांच्या मधून वाट काढत राजपुत्र आणि फराह त्या घड्याळापाशी परत जाऊ पाहतात. उडी चुकली, राजपुत्र दरीत कोसळला, तर खेळणाऱ्याने कळ दाबावी. पडणारा देह वर येतो, पाय पुन्हा कठड्याला टेकतात. परंतु मुठीतली वाळू मोजकी असते, ती संपली की मरण ते मरण. हे सगळे राजपुत्र कोणाला तरी सांगतो आहे अशा रीतीने खेळ चालतो. खेळणारा मेला की निवेदक राजपुत्र गडबडून म्हणतो की छे, असे घडले नव्हते, माझे सांगताना चुकले. चुकीला सांगण्याची चूक मानून पुसून टाकायचे, ही युक्ती मला फार सुंदर वाटली आणि थोडी भयंकरही वाटली.

शेवटी फराह मरते. मग राजपुत्र खंजीर घड्याळात बसवून अवघा काळच मागे फिरवतो, स्वारीच्या आदल्या रात्रीपर्यंत. युद्ध झालेले नाही, नगर बुडालेले नाही, फराह जिवंत आहे. तो तिच्या महालात जाऊन तिला सगळी हकीगत सांगतो, वजिराला ठार करतो आणि खंजीर तिच्या हवाली करतो. तिला अर्थातच काही आठवत नाही. तिच्या लेखी हा कोणी परका मनुष्य खिडकीतून आलेला. संकटात असताना तिने त्याला एक गुप्त शब्द सांगितला होता, लहानपणी भीती वाटली की उच्चारावा म्हणून आईने शिकवलेला. जाताना तो आपले नाव म्हणून तोच शब्द सांगतो, आणि ती जागच्या जागी थक्क होते.

तो शब्द 'काकोलूकीयम्' असा आहे. इच्छापोरच्या त्या खोलीत हा शब्द कानी पडला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे हे नाव. बुर्झो नावाच्या वैद्याने सहाव्या शतकात खुस्रू अनुशिर्वानच्या दरबारासाठी पंचतंत्र पहलवीत नेले, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत आणले, आणि तेथून ते जगभर गेले. इराणी राजपुत्राच्या कथेत ते उगवावे यात काही विसंगत नाही. मौज पुढे आहे. कावळे आणि घुबडे यांचे वैर कशावरून झाले? पक्षी घुबडाला राज्याभिषेक करणार होते, इतक्यात कावळा नको ते बोलून गेला आणि अभिषेक मोडला. घुबड त्याला सांगते की कुऱ्हाडीने तोडलेले झाड पुन्हा फुटते, बाणाची जखम भरते, शब्दाने झालेली जखम भरत नाही. कावळ्याला पश्चात्ताप होतो; पण वैर पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि अखेर घुबडांच्या गुहेला आग लागून संपते. जे बोलून गेले ते मागे घेता येत नाही, याची ही कथा. सारे काही मागे घेता येते असे सांगणाऱ्या खेळाने प्रेमाची खूण म्हणून नेमके तिचेच नाव घ्यावे! रचणाऱ्यांना हे ठाऊक होते की शब्दाचा नाद तेवढा आवडला, याला फारसे महत्त्व नाही. कावळा मात्र त्या महालात येऊन बसला.

दुसरा खेळ 'वॉरियर विदिन', २००४ सालचा. यात मेकनरचा हात नव्हता, आणि त्यातील हिंसाचार व एकंदर ढंग आपणास रुचला नाही असे त्याने उघड सांगितले होते. कथा सात वर्षांनंतरची आहे. राजपुत्राच्या मागे दहाक लागला आहे. हे नाव अवेस्तातील 'अझि दहाक' या त्रिमुखी सर्पावरून घेतलेले; त्यातील 'अझि' म्हणजे आपल्या वेदांतील 'अहि'च. हा दहाक काळाच्या क्रमाचा राखणदार. ज्याने वाळू मोकळी सोडली त्याने मरावयाचे, असा काळाचा लेख होता. राजपुत्राने काळ फिरवून तो लेख चुकवला. म्हणून राखणदार त्याला न्यायला आला आहे. (दहाक पाण्याला भितो. आपल्या वाचकांना येथे तीर्थस्नानाची आठवण होईल, परंतु रचणाऱ्यांच्या मनात तसे काही असेल असे वाटत नाही.)

मग राजपुत्र ठरवतो की रोगाच्या मुळाशीच जावे. काळाच्या बेटावर जेथे सम्राज्ञीने ती वाळू निर्माण केली, तेथे भूतकाळात शिरून तिलाच अडवावे. वाळूच नसेल तर अपराधही नसेल. वाटेत तो ज्या कायलीना नावाच्या दासीला वाचवतो, तीच सम्राज्ञी निघते. आपले मरण याच्या हातून आहे हे तिनेही काळाच्या प्रवाहात पाहिले आहे, आणि ते चुकवण्यासाठीच तीही धडपडते आहे. दोघे एकमेकांशी लढतात, ती मरते, आणि तिच्या देहापासून वाळू उत्पन्न होते. जी वाळू निर्माण होऊ नये म्हणून तो एवढ्या दूर आला, ती त्याच्याच तलवारीने निर्माण झाली. मला हा प्रसंग पाहताना कंस आठवला. आठव्या पुत्राला टाळण्यासाठी त्याने जे जे केले, त्यानेच कृष्णाला गोकुळात नेऊन पोचवले.

पुढे तर अधिकच. एक मुखवटा चढवून राजपुत्र वाळूचे पिशाच होतो आणि मागच्या प्रसंगांतून पुन्हा जातो. आरंभी अंधारात जी छाया आपल्यामागे वावरताना दिसली होती ती आपणच होतो, हे त्याला आता कळते. शेवटी दहाकाच्या पुढे तो आपल्या पूर्वीच्या रूपाला जाऊ देतो आणि स्वतः निसटतो. आपल्याच कालच्या देहाचा बळी देऊन आजचा देह वाचवणे, अशी कल्पना आपल्या पुराणांतही मला कोठे आठवत नाही.

आता तुलना. कठीणपणाच्या दृष्टीने दुसरा खेळ वरचढ आहे यात शंका नाही. लढाया अधिक, शत्रू अधिक धूर्त, दोन्ही हातांत शस्त्रे. त्याच वास्तूत वर्तमानकाळी आणि भूतकाळी अशा दोनदा फिरायचे, वाटा विसरायच्या, पुन्हा शोधायच्या. आणि मध्येच दहाक मागे लागला की विचाराला एक क्षणही नाही. परंतु या कठीणपणाबरोबर एक प्रकारचा उर्मटपणाही आला आहे. पहिल्यातला हसरा, जरा गर्विष्ठ पण चारचौघांत बसवता येईल असा मुलगा जाऊन त्याच्या जागी दात खाऊन बोलणारा एक आडदांड आला. स्त्रिया अर्धवस्त्र, संगीत कर्कश, रक्ताचे पाट. अमेरिकेतील वर्गवारीत पहिला खेळ तेरा वर्षांवरील मुलांसाठी ठरला आणि दुसरा सतरांवरील. गंभीर प्रश्न हाती घेतला म्हणजे कपाळाला आठ्या घातल्याच पाहिजेत, ही समजूत आमच्या नाटकांतही पुष्कळ दिवस होती. तो तरुण म्हणाला त्याप्रमाणे कलाकृती म्हणून पहिलाच खेळ श्रेष्ठ, याविषयी माझे दुमत नाही.

राहिला त्याच्या वाक्याचा दुसरा भाग. खरे कोण बोलतो?

हा निवाडा करण्यासाठी आपल्याला परक्या देशी जाण्याचे कारण नाही. महाभारताच्या सभापर्वात एक खेळ आहे आणि त्याचा उत्तरभागही आहे. द्यूतपर्व संपते तेथून थोड्याच अंतरावर अनुद्यूतपर्व सुरू होते. पहिल्या डावात युधिष्ठिर धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी असे सर्व हरला. सभेत जे व्हायचे ते झाले. मग धृतराष्ट्राच्या अग्निहोत्रशाळेत कोल्हे ओरडले, अपशकुन झाले, आणि म्हातारा घाबरला. त्याने द्रौपदीला वर दिले. तिने एका वराने युधिष्ठिराचे आणि दुसऱ्याने बाकीच्या चौघांचे दास्य सोडवले. तिसरा वर नाकारला. धृतराष्ट्राने राज्य परत केले, धन परत केले, दुर्योधनाचे कठोर बोलणे मनात ठेवू नका असे सांगितले आणि पांडवांना इंद्रप्रस्थाच्या वाटेला लावले. काळाचा खंजीर याहून अधिक काय करतो? डाव झालाच नव्हता अशी सारी व्यवस्था झाली.

परंतु पांडव वाटेवर आहेत तोच दुर्योधन बापाला म्हणतो की डिवचलेले साप गळ्यात घालून कोणी बसत नाही. ते आता क्षमा करणार नाहीत. दुर्योधन दुष्ट होता. पण त्या दिवशी त्या घरात सत्य फक्त त्यालाच दिसत होते. धृतराष्ट्राने सभा पुसली, स्मरण पुसले नव्हते. द्रौपदीला आठवत होते, भीमाला आठवत होते. म्हणून दुसरा डाव मांडला गेला, एकाच फाशाचा, बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास अशा पणाचा. पहिल्या डावापेक्षा दुसरा अधिक अवघड असतो याचे कारण हेच. पहिला डाव अजाणता मांडता येतो. दुसऱ्यात बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याची आठवण असते, आणि तरीही युधिष्ठिर बसला.

येथे त्या दोन विलायती खेळांतील खरा भेद मला दिसू लागला. पहिल्या खेळात काळ मागे फिरल्यावर कोणाला आठवते? फक्त अपराध करणाऱ्याला. जिचे घर लुटले, जिला बंदी केली, जी त्याच्यासाठी मेली, ती सर्व विसरते. म्हणून तेथे पुसणे साधते. आणि म्हणूनच तो शेवट इतका सुंदर वाटतो: अपराध्याने ओझे उचललेले असते आणि अपराध सोसणारी मोकळी असते. जगात मात्र बरोबर उलट घडते. करणारा विसरतो, सोसणारा विसरत नाही. दुसऱ्या खेळाने निदान एवढे ओळखले की स्मरण कोठे तरी शिल्लक राहतेच. त्याने ते स्वतः काळाच्या ठिकाणी ठेवले आणि त्याला शिंगे लावून राजपुत्राच्या मागे सोडले. एवढ्यापुरता तो तरुण बरोबर होता. परंतु दहाक हा बाहेरचा शत्रू आहे, त्याच्यापासून पळता येते, आणि वाटेतील नऊ गुप्त ठिकाणे शोधून जीवनशक्ती पुरी वाढवली तर खास तलवार मिळवून त्याला ठारही करता येते. म्हणजे स्मरणाचाच वध! दोन्ही खेळांत ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडून त्या अन्यायाविषयी एक शब्द येत नाही. फराहचा बाप, त्या लुटलेल्या राजवाड्यातले पहारेकरी, यांचे पुढे कोणी विचारले नाही.

आता हीच गोष्ट आपल्या प्रायश्चित्ताला लावून पाहू. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात एक मोठा सावध निर्णय आहे. न कळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्याचे प्रायश्चित्त घेतल्यास तो मनुष्य केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी पंक्तिव्यवहार ठेवण्यास हरकत राहत नाही. पाप गेले असे स्मृतिकार म्हणत नाही. मनुस्मृतीतही या मुद्द्यावर दोन पक्ष नोंदलेले आहेत. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात हा सारा वाद विस्ताराने मांडला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. आणि मनूने पापमुक्तीची साधने सांगताना आरंभी कशाचे नाव घेतले? ख्यापनाचे. आपण काय केले ते उघड सांगणे. त्यानंतर अनुताप, तप, अध्ययन; आणि दान हे तर जो बाकीचे करू शकत नाही त्याच्यासाठी. आपण क्रम उलटा केला आहे. दानापासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो.

एका गृहस्थाची हकीगत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही, कारण असा गृहस्थ प्रत्येक महाजनांच्या यादीत एखादा असतोच. धाकटा भाऊ अकाली वारला तेव्हा कागदपत्रे यांच्या हाती होती. घर विकले, पैसा धंद्यात घातला, धंदा वाढला. भावजय दोन मुलांसह एका खोलीत राहिली आणि शिवणकाम करून तिने मुले वाढवली. साठी उलटल्यावर यांना झोप येईना. लघुरुद्र झाला, काशीयात्रा झाली, कुलदेवतेला चांदीची प्रभावळ अर्पण झाली. समाराधनेच्या दिवशी अध्यक्षांनी त्यांच्या औदार्याचा उल्लेख केला. त्या सभामंडपात भावजयही बसली होती. तिने प्रसाद घेतला आणि ती निघून गेली. पुढे एका वृद्ध पुरोहिताने त्यांना एकान्तात विचारले, 'हे सगळे झाले; पण तुम्ही तिच्याशी बोललात का?' वर्षभराने ते गेले. हिशेब करून व्याजासह रक्कम नेली होती, आणि मुलांच्या देखत काय केले ते सांगितले. तिने पैसे घेतले. त्या वर्षी गणपतीला मात्र ती त्यांच्या घरी आली नाही, पुढच्या वर्षीही आली नाही. गृहस्थ म्हणत की झोप त्या रात्रीपासून येऊ लागली. मला तर वाटते, ती येऊ लागली याचे कारण आता आठवण ठेवण्याचे काम त्या बाईवर एकटीवर उरले नव्हते.

पैसे परत करणे सोपे होते असे मी म्हणत नाही. परंतु चांदीची प्रभावळ ही कळ दाबण्यासारखी आहे, आणि भावजयीच्या दारात उभे राहणे हे अनुद्यूतासारखे: सगळे ठाऊक असताना बसावे लागते, आणि दान आपल्या मनासारखे पडेल याची शाश्वती नसते.

इच्छापोरलाच हिऱ्यांच्या आणि जडजवाहिराच्या कारखान्यांसाठी वसवलेली वसाहत आहे. हिऱ्याला पैलू पाडण्यापूर्वी कारागीर तो कच्चा खडा किती वेळ न्याहाळतात! चिरलेला हिरा सांधता येत नाही, घासून गेलेला कण परत येत नाही. चूक झालीच तर पुढचा पैलू त्या चुकीला धरून बेतावा लागतो. खडा लहान होतो, पण तेजस्वी होऊ शकतो. संगणकावर काम करणाऱ्यांना ही सवय राहिलेली नाही, कारण तेथे मागे घेण्याची सोय नेहमीच हाताशी असते. यात तरुणांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आपण तीच सोय देवाच्या दारी मागत आलो आहोत.

गंमत म्हणजे तो पहिला खेळ नव्याने घडवण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात आले होते. पुणे आणि मुंबई येथील युबिसॉफ्टच्या शाखा तो पुन्हा रचीत आहेत अशी घोषणा २०२० च्या सप्टेंबरात झाली. जे रूप दाखवले गेले ते पुष्कळांना पसंत पडले नाही, मुदती लांबल्या, आणि मे २०२२ मध्ये ते काम येथून काढून माँट्रियलला नेण्यात आले. वाळूच्या घड्याळाची कथा सांगणाऱ्यांनाही स्वतःची २००३ ची घडी पुन्हा बसवणे सोपे गेले नाही.

आपल्या समाजाला तर याचा अनुभव चारशे वर्षांचा आहे. १५६० च्या सुमारास मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला. त्याच काळात शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. रात्री नदी ओलांडून नेलेले ते देव अंत्रुजात कायमचे बसले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा वाट मोकळी होती. पाहिजे तर काळ मागे फिरवून देव मूळ ठिकाणी नेता आले असते. काही मूळ स्थानी पुढे पुन्हा देवळे उभी राहिली, ते योग्यच झाले. पण फोंड्याचे देव फोंड्यातच राहिले. तेथील तळी, दीपस्तंभ, नौबतखाने हे सारे त्या उत्तरभागाचे वैभव आहे, ते पूर्वभागात नव्हते. आमच्या घरांतल्या वृद्ध स्त्रिया 'जालें तें जालें' असे म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, त्या विसरायला सांगताहेत. परंतु त्याच स्त्रिया देव कोणत्या वाटेने आणले, कोणाच्या घरी रात्रभर ठेवले, कोणी वाटेत प्राण दिले, हे नावानिशी नातवंडांना सांगत. झाले ते झाले, म्हणजे ते झाले नाही असे कोणी म्हणू नये, असाच त्याचा अर्थ असावा.

या राजपुत्राच्या कथेचा तिसरा भागही आहे, 'द टू थ्रोन्स', २००५ सालचा. तो मी त्या घरीच, परतीच्या आदल्या रात्री पाहिला. दुसऱ्या भागात पुसापुशी करून राजपुत्र बाबिलोनला परततो तो नगर जळते आहे. पहिल्या भागात मारलेला वजीर, वाळूच नव्हती असे झाल्यामुळे, जिवंत आहे. आता राजपुत्राच्या अर्ध्या देहात वाळू शिरली आहे आणि त्याच्या कानाशी एक काळा जुळा भाऊ बोलत असतो, तो त्याचाच मत्सर, त्याचाच गर्व. १९८९ च्या मूळ खेळातही राजपुत्राला आरशातून निघालेली आपलीच सावली भेटते. तिच्यावर वार केला की घाव स्वतःला लागतो, आणि तलवार म्यान केली तरच ती त्याच्यात विलीन होते. मेकनरची ही जुनी कल्पना येथे परत आली आहे. राजपुत्र त्या काळ्या भावाशी लढतो, लढतो, आणि अखेर लढणे सोडून त्याच्याकडे पाठ फिरवतो.

फराह या भागात पुन्हा भेटलेली आहे, आणि तिला अर्थातच काही आठवत नाही. पण पहिल्याच भेटीत, तिने सांगितले नसताना, त्याने तिला नावाने हाक मारली होती, ते तिच्या लक्षात राहिले आहे. सगळे संपल्यावर ती विचारते की माझे नाव तुला कसे ठाऊक होते. या वेळी त्याच्या हाती खंजीराची सोय नाही. पहिल्या रात्रीप्रमाणे सांगून खिडकीवाटे निघून जाण्याचीही नाही. ती समोर बसलेली आहे. तो राजवाड्यावरच्या त्या स्वारीपासून, अगदी पहिल्यापासून, सांगू लागतो.